बंदरावरूनच परत पाठवणार होते, त्या स्टाइनमेट्झने अमेरिकेत घर कसं केलं?

फोर्डच्या कारखान्यातल्या बिघडलेल्या जनरेटरची गोष्ट तुमच्या फोनवर कधी ना कधी आलीच असेल.

जनरेटर बंद पडतो. कंपनीच्या इंजिनिअर लोकांना काही सुधरत नाही. मग बाहेरून एक बुटका, पाठीला कुबड असलेला माणूस बोलावला जातो. तो दोन दिवस मशीनचा आवाज ऐकत बसतो, वहीत आकडेमोड करतो, शिडी मागवतो आणि खडूने एक खूण करतो. इथे उघडा आणि कॉइलचे एवढे वेढे कमी करा, इतकंच सांगतो. जनरेटर चालू होतो आणि मागून बिल येतं १०,००० डॉलरचं. हेन्री फोर्ड हिशोब मागतात, तर कळतं की खूण करायचा १ डॉलर आणि खूण कुठे करायची हे माहीत असण्याचे ९,९९९.

भारी आहे. फक्त तिच्यावर फार विसंबू नका. आज जी गोष्ट फिरते ती लाइफ मासिकात १९६५ साली छापून आलेल्या एका वाचकाच्या पत्रातली आहे. ज्या माणसाबद्दल ती आहे त्याला जाऊन तेव्हा ४२ वर्षं झाली होती. अशा गोष्टी हुशार माणसांच्या नावावर आपोआप जमा होत जातात.

माणूस मात्र खराखुरा होता. चार्ल्स प्रोटियस स्टाइनमेट्झ. एडिसन आणि टेस्लाच्या काळातला, त्यांच्याइतकाच त्या वेळी गाजलेला. आज त्याचं नाव इंजिनिअरिंगच्या पुस्तकाबाहेर फारसं ऐकू येत नाही. आणि त्याच्या आयुष्यातला खरा पेच १०,००० डॉलरचा नव्हताच. २४ व्या वर्षी, खिशात काही नसताना, न्यूयॉर्कच्या बंदरावर त्याच्याकडे बघून एका अधिकाऱ्याला पडलेला प्रश्न वेगळा होता. हा माणूस स्वतःचं पोट भरू शकेल का?

ब्रेस्लाऊचा कार्ल

तेव्हा त्याचं नाव चार्ल्स नव्हतं. ९ एप्रिल १८६५ ला प्रशियातल्या ब्रेस्लाऊ शहरात जन्मलेल्या या मुलाचं नाव होतं कार्ल ऑगस्ट रुडॉल्फ स्टाइनमेट्झ. ब्रेस्लाऊ म्हणजे आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ. वडील रेल्वेत शिळाछापाचं काम करायचे. आई कार्ल वर्षाचा असतानाच गेली आणि त्याला आजीने वाढवलं.

कार्लच्या पाठीला जन्मापासून बाक होता. खुब्याचा सांधाही नीट नव्हता, त्यामुळे चालताना तो एका बाजूला झुकायचा. मोठेपणी त्याची उंची ४ फुटांच्या आसपासच राहिली. घरात हे नवीन नव्हतं. वडिलांची पाठ अशीच होती आणि आजोबांचीही. त्यामुळे या घरात त्याच्याकडे कोणी डोळे मोठे करून बघत नसे. बाहेर बघायचे.

१८८३ साली तो ब्रेस्लाऊ विद्यापीठात गेला. गणितात तो इतका पुढे होता की तिथल्या गणितवाल्या पोरांच्या मंडळाने त्याला टोपणनाव दिलं प्रोटियस. प्रोटियस हा ग्रीक पुराणातला समुद्रातला म्हातारा. त्याला सगळं माहीत असतं, पण त्याच्याकडून काही काढून घ्यायचं तर त्याला घट्ट धरून ठेवावं लागतं, कारण तो सतत रूप पालटत राहतो. मित्रांनी ठेवलेलं हे नाव कार्लला आवडलं. पुढे ते त्याने कागदोपत्री लावलं.

पण कॉलेजात त्याला अजून एक नाद लागला, समाजवादाचा. तो काळ बिस्मार्कचा. १८७८ च्या कायद्याने जर्मनीत समाजवाद्यांच्या सभा आणि वर्तमानपत्रं यांच्यावर बंदी आलेली. तरीही कार्ल ब्रेस्लाऊमधल्या एका समाजवादी वर्तमानपत्रात लिहू लागला, आधीचा संपादक अडकल्यावर ते चालवूही लागला. पोलिसांची नजर पडायला वेळ लागला नाही. १८८८ मध्ये, पीएचडी जवळपास हातात आलेली असताना, अटक होणार अशी कुणकुण लागली आणि त्याने शहर सोडलं.

तो पोहोचला स्वित्झर्लंडमध्ये, झुरिकला. तिथल्या पॉलिटेक्निकमध्ये यंत्रशास्त्र शिकू लागला. इथेच त्याला ऑस्कर अस्मुसेन भेटला. अस्मुसेन मूळचा डॅनिश, पण त्याचे नातेवाईक अमेरिकेत होते आणि त्यालाही तिकडे परतायचं होतं. त्याने कार्लला सोबत चलण्याचा आग्रह केला. कार्लकडे तिकिटाचे पैसे नव्हते, ते अस्मुसेनने भरले. दोघं फ्रेंच जहाजाच्या सगळ्यात स्वस्त वर्गात चढले.

कॅसल गार्डनमधला तो दिवस

१ जून १८८९. जहाज न्यूयॉर्कला लागलं.

एलिस आयलंड आपल्याला सिनेमांमुळे माहीत आहे, पण ते केंद्र सुरू झालं १८९२ मध्ये. त्याआधी येणाऱ्या स्थलांतरितांची तपासणी मॅनहॅटनच्या दक्षिण टोकावरच्या कॅसल गार्डन नावाच्या जुन्या गोल किल्ल्यात व्हायची. तिथे रांगेत उभं राहायचं, नाव-गाव सांगायचं, पैसे किती आहेत ते दाखवायचं.

अधिकाऱ्यांच्या हातात १८८२ चा कायदा होता. कोणाला देशात घ्यायचं नाही याची यादी त्यात होती. गुन्हेगार, मानसिक आजारी, आणि ज्याला स्वतःची काळजी घेता येणार नाही, जो सरकारवर बोजा होईल असा कोणीही. हे शेवटचं कलम फार सोयीचं होतं. बोजा कोण होईल हे ठरवायला कुठलं मोजमाप नव्हतं. अधिकाऱ्याने बघायचं आणि ठरवायचं.

आता त्या अधिकाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. समोर ४ फुटी, वाकलेला तरुण. इंग्रजी जेमतेम दोन-चार शब्द. पैसे नाहीत. नोकरी नाही. नातेवाईक नाही. प्रवासात थकून आणखीच आजारी दिसणारा. कायद्याच्या चौकटीत तो अगदी बरोबर बसत होता. त्याला अडवलं गेलं आणि परतीच्या जहाजावर घालण्याची भाषा सुरू झाली.

परत म्हणजे कुठे, तर युरोपात, जिथे अटक वाट बघत होती.

मध्ये पडला तो अस्मुसेन. त्याने खिशातून नोटा काढून दाखवल्या आणि हे पैसे आम्हा दोघांचे आहेत असं ठोकून दिलं. याची जबाबदारी माझी, हा माझ्यासोबत राहील, बोजा होणार नाही. पैसे अर्थातच एकट्या अस्मुसेनचे होते. अधिकाऱ्याने मान डोलावली.

म्हणजे अमेरिकेच्या वीज उद्योगाच्या इतिहासातला एक मोठा माणूस आत आला तो मित्राच्या एका खोट्यामुळे. त्याच्या गणिताबद्दल तिथे कोणी विचारलंच नाही. विचारून कळलंही नसतं.

पुढे हा कायदा कडकच होत गेला. १९०७ मध्ये तर शारीरिक व्यंगामुळे कमाईवर परिणाम होऊ शकेल असं वाटणाऱ्यांना थेट नाकारण्याची तरतूद आली. स्टाइनमेट्झ तोपर्यंत एका मोठ्या कंपनीचे नावाजलेले इंजिनिअर झाले होते. १८ वर्षं उशिरा आले असते तर अस्मुसेनच्या नोटाही कदाचित पुरल्या नसत्या.

पहिली नोकरी

न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स गावात रुडॉल्फ आयकेमायर नावाच्या गृहस्थांचा कारखाना होता. मूळ धंदा टोप्या बनवण्याच्या यंत्रांचा, पण आयकेमायर यांना विजेचं वेड लागलं होतं आणि ते मोटारी बनवायला लागले होते. ते स्वतः जर्मन, आणि १८४८ ची क्रांती फसल्यावर अमेरिकेत आलेले. राजकारणामुळे देश सोडावा लागलेला, जर्मन बोलणारा पोरगा त्यांना परका वाटला नसणार. त्यांनी त्याला ड्राफ्ट्समन म्हणून घेतलं, म्हणजे यंत्रांची ड्रॉइंग काढायचं काम.

इथेच कार्लचा चार्ल्स झाला. अमेरिकन नागरिकत्वासाठी अर्ज करताना कार्लचं इंग्रजी रूप चार्ल्स लावलं, मधली दोन लांबलचक नावं काढून टाकली आणि त्या जागी कॉलेजातलं टोपणनाव बसवलं. चार्ल्स प्रोटियस स्टाइनमेट्झ. नवीन देशात येऊन नाव सोपं करून घेणारे पुष्कळ होते. यांनी अर्धं सोपं केलं आणि अर्धं ग्रीक.

आयकेमायर यांनी त्यांना थोड्याच दिवसांत ड्रॉइंगच्या टेबलावरून उठवून प्रयोगशाळा दिली. आणि तिथे त्यांनी जो प्रश्न घेतला, तो तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डीपीपर्यंत येतो.

डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, लोखंडाचा गाभा असतो. वीज एसी असल्यामुळे त्या लोखंडाचं चुंबकत्व सतत उलटसुलट होत राहतं, आपल्याकडे सेकंदाला ५० फेरे. प्रत्येक फेऱ्यात लोखंड थोडा विरोध करतं, मागे रेंगाळतं, आणि त्यात काही ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. याला म्हणतात हिस्टेरेसिस. ही हानी होते हे तोवर माहीत होतं. किती होईल हे आधी सांगता येत नव्हतं. मोटर बनवायची, चालवायची, तापली की परत बनवायची. पैसा आणि लोखंड दोन्ही पाण्यात.

स्टाइनमेट्झ यांनी मोजमापांचे ढीग तपासले आणि त्यातून एक नियम काढला. चुंबकत्व जितकं वाढवाल त्याच्या १.६ घाताच्या प्रमाणात हानी वाढते. जानेवारी १८९२ मध्ये त्यांनी हे अमेरिकन इलेक्ट्रिकल इंजिनिअर संस्थेपुढे मांडलं. आता मोटर कागदावरच तपासता येणार होती. देशात येऊन त्यांना तीन वर्षंही पुरी झाली नव्हती.

त्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिक कंपनी उभी राहिली आणि लवकरच तिने आयकेमायर यांचा धंदा विकत घेतला. स्टाइनमेट्झ हवे होते म्हणून अख्खी कंपनी घेतली असंही सांगितलं जातं. तसं अगदी नाही, आयकेमायर यांची पेटंटही कामाची होती. पण त्या सौद्यात हा माणूस सोबत आला हे खरं.

इंजिनिअरिंगच्या पोरांनो, हेच ते

इलेक्ट्रिकलला असाल किंवा कधी होता, तर हा भाग तुमच्यासाठी. बाकीच्यांनी वगळला तरी चालेल, पण वगळू नका.

डीसी वीज सरळ वाहते, तिचं गणित गुणाकार-भागाकारात होतं. एसी वीज लाटेसारखी वर-खाली होते. त्यात व्होल्टेजची लाट आणि करंटची लाट एकत्र धावतीलच असं नाही, एक पुढे तर एक मागे. १८९० च्या आसपास अशा सर्किटचा साधा प्रश्न सोडवायला कॅल्क्युलसची पानंच्या पानं लागायची. ते येणारे इंजिनिअर मोजके होते. एसी स्वस्तात लांब नेता येते हे कळत होतं, पण ती डिझाइन करणारी माणसंच पुरेशी नव्हती.

स्टाइनमेट्झ यांनी ऑगस्ट १८९३ मध्ये शिकागोच्या आंतरराष्ट्रीय वीज परिषदेसाठी एक निबंध दिला. कल्पना अशी की प्रत्येक लाट एका संमिश्र संख्येने दाखवायची, म्हणजे ज्यात उणे १ चं वर्गमूळ येतं तसल्या संख्येने. लाट किती मोठी आणि किती पुढे-मागे, दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात बसतात. मग कॅल्क्युलस गेलं आणि उरली बेरीज, गुणाकार. आज डिप्लोमाचा विद्यार्थी जे पानभरात सोडवतो, ज्यात तो बावळट जे अक्षर वारंवार येतं, ते इथून. सुरुवातीला लोकांना ते झेपलं नाही, म्हणून त्यांनी पुढे जाडजूड पुस्तकं लिहिली आणि वर्षानुवर्षं शिकवलं. १८९६ मध्ये नायगराची वीज बफेलो शहरात पोहोचली. एसीचं युग आलं तेव्हा ती समजावून सांगणारी भाषा तयार होती.

स्केनेक्टडीतलं घर

१८९४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने त्यांना न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी शहरात नेलं. आयुष्यभर ते तिथेच राहिले, आणि खरी बघण्यासारखी गोष्ट इथे सुरू होते.

कारण नोकरी मिळणं वेगळं आणि जगणं वेगळं. १८९० च्या दशकात रॅम्प नव्हते, लिफ्टही कुठेतरीच. टेबलं, खुर्च्या, पायऱ्या, सगळं दुसऱ्यांच्या मापाचं. स्टाइनमेट्झ यांनी या सगळ्याशी झगडत बसण्यापेक्षा आपल्याला जमेल तशी मांडणी करून घेतली. खुर्चीत टेकून बसणं त्यांना त्रासाचं व्हायचं, तर ते स्टुलावर गुडघा टेकवून, टेबलावर झुकून काम करायचे. त्यांचे बरेच फोटो याच पवित्र्यात आहेत, तोंडात सिगार.

मोहॉक नदीच्या एका ओढ्याकाठी त्यांनी लाकडी खोपटं बांधलं. उन्हाळ्यात तिथे राहायचं, आणि ऑफिस म्हणजे एक छोटी होडी. होडीच्या दोन्ही कडांवर आडवी फळी टाकायची, त्यावर कागद, लॉगरिदमची कोष्टकं, पेन्सिली. खाली उशीवर गुडघे टेकून बसायचं आणि होडी सोडून द्यायची पाण्यावर. पाठीला त्रास नाही, पायऱ्या नाहीत, दार वाजवणारं कोणी नाही. वर्क फ्रॉम होमचा इतका सुखाचा सेटअप आज कोणाकडे असेल असं वाटत नाही.

शहरात सुरुवातीला ते मित्रांसोबत भाड्याच्या घरात राहायचे. त्या घराच्या मागच्या तबेलावजा कोठारात १९०० साली जनरल इलेक्ट्रिकची संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. अशी स्वतंत्र प्रयोगशाळा हवी हे कंपनीला पटवणाऱ्यांत ते स्वतः होते. मग त्यांनी वेंडेल ॲव्हेन्यूवर मोठं घर बांधलं. सोबत प्रयोगशाळा आणि काचेचं हरितगृह. हरितगृहात ऑर्किड, नेचे आणि निवडुंगांचा मोठा संग्रह. लोक गुलाब लावतात, यांना काटेरी, वेडीवाकडी झाडं आवडायची. प्राण्यांचंही तसंच. कावळे आणि मगरी. हो, मगरी.

घर मोठं झालं आणि रिकामं वाटायला लागलं.

स्टाइनमेट्झ यांनी लग्न केलं नाही. आपल्या शरीरातली ही गोष्ट पुढच्या पिढीत जाऊ नये म्हणून त्यांनी तसं ठरवलं होतं. आजोबांपासून वडिलांपर्यंत आणि वडिलांपासून आपल्यापर्यंत आलेली साखळी इथे तोडायची. त्या काळात सुदृढ वंशाच्या नावाखाली अशा माणसांबद्दल काय काय बोललं जायचं ते बघता हा निर्णय पूर्णपणे त्यांचा एकट्याचा म्हणायचा का, हा प्रश्न उरतोच. त्यांच्या वडिलांनी असाच विचार केला असता तर चार्ल्स स्टाइनमेट्झ जन्मालाच आले नसते. पण मुलं त्यांना मनापासून आवडायची.

प्रयोगशाळेत त्यांचा एक तरुण सहायक होता, जोसेफ लेरॉय हेडन. १९०३ मध्ये हेडनचं लग्न झालं आणि तो बायकोसोबत वेगळ्या घरात गेला. स्टाइनमेट्झ जेवायला त्यांच्याकडे जायला लागले. मग एक दिवस त्यांनी सरळ विचारलं की माझं एवढं मोठं घर रिकामं आहे, तुम्ही दोघं तिकडेच का येत नाही? हेडनची बायको कोरीन सहजासहजी तयार झाली नाही. तिने अट घातली. घर मी चालवणार, माझ्या पद्धतीने. प्रयोग कितीही रंगात आलेला असो, जेवणाची वेळ झाली की दोघांनी टेबलावर यायचं.

अट मान्य झाली. विजेच्या लाटांवर हुकमत असलेला माणूस घरात कोरीनच्या घड्याळावर चालायला लागला.

पुढे स्टाइनमेट्झ यांनी हेडनला कायदेशीर दत्तक घेतलं. आपल्याकडे दत्तक म्हटलं की लहान मूल डोळ्यासमोर येतं. इथे दत्तक मुलगा कमावता, लग्न झालेला, आणि सोबत सून आली. हेडन दांपत्याला तीन मुलं झाली आणि ती या बुटक्या, सिगार ओढणाऱ्या माणसाला आजोबा म्हणत त्याच घरात वाढली. रक्ताचं नातं एकही नाही. २० वर्षं हे घर टिकलं.

कॅसल गार्डनमधल्या अधिकाऱ्याला वाटलं होतं की याला कोणीतरी सांभाळावं लागेल. सांभाळावं लागलंच. अस्मुसेनने सांभाळलं, आयकेमायर यांनी सांभाळलं, कोरीनने तर रोज सांभाळलं. फक्त हिशोब एका बाजूचा नव्हता. त्या घराचं छप्पर स्टाइनमेट्झ यांचं होतं, चूल कोरीनची.

शाळा आणि विजा

समाजवाद त्यांनी सोडला नव्हता. अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एकीत नोकरी आणि राजकारण समाजवादी, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण कंपनीने ते चालवून घेतलं. १९११ च्या निवडणुकीत स्केनेक्टडीत जॉर्ज लन हा समाजवादी महापौर निवडून आला आणि त्याने स्टाइनमेट्झ यांना शिक्षण मंडळावर घेतलं. ते मंडळाचे अध्यक्ष झाले.

मंडळावर असताना त्यांनी केलेली कामं बघितली की बंदरावरचा तो पोरगा आठवतो. शाळेत जेवण, शाळेत नर्स, फुकट पुस्तकं, आणि स्थलांतरितांच्या मुलांसाठी वेगळे वर्ग. इंग्रजी न येता रांगेत उभं राहणं म्हणजे काय हे मंडळातल्या इतर सभासदांना त्यांच्याइतकं माहीत असण्याची शक्यता कमीच. पुढे ते नगर परिषदेचेही अध्यक्ष झाले. युनियन कॉलेजात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा विभाग त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळला. १९२२ मध्ये तर रशियाच्या विद्युतीकरणात मदत करू का, असं पत्र थेट लेनिनला लिहिलं. लेनिनने उत्तर पाठवलं, पण स्टाइनमेट्झ स्केनेक्टडीतच राहिले. त्याच वर्षी राज्याच्या मुख्य इंजिनिअरपदाची निवडणूक लढवून ते हरले.

लोकांना मात्र हे काही आठवत नाही, आठवतात त्या विजा.

१९२० मध्ये त्यांच्या नदीकाठच्या खोपटावर वीज पडली. आतला आरसा फुटून त्याचे तुकडे झाले. दुसरं कोणी झाडू घेतला असता. त्यांनी तुकडे गोळा केले, कोड्यासारखे जोडले आणि दोन काचांमध्ये बसवले. वीज आरशावरून कुठून कुठे गेली याचा नकाशाच तयार झाला. पुढची पायरी स्वतः वीज बनवण्याची. १९२२ मध्ये त्यांनी जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत काचेच्या प्लेटांचे कपॅसिटर रचून हळूहळू चार्ज केले आणि सगळा साठा एका झटक्यात सोडला. १,२०,००० व्होल्ट, १०,००० अँपिअर, सेकंदाच्या लाखाव्या भागात. लाकडाचे ओंडके फुटून उडाले. उद्देश साधा होता. वीज पडली तर तारा आणि ट्रान्सफॉर्मर कसे वाचवायचे, हे आकाशाची वाट न बघता तपासायचं.

वर्तमानपत्रं वेडी झाली. कंपनीच्या प्रसिद्धी खात्यालाही असा माणूस हवाच होता. बुटका, वाकलेला, दाढीवाला, हातात वीज. त्यांना स्केनेक्टडीचा जादूगार म्हणायला लागले. ज्या शरीरामुळे बंदरावर हाकलणार होते तेच आता जाहिरातीत कामाला आलं. आइनस्टाइनसोबतचा त्यांचा फोटो तुम्ही पाहिला असेल, दोघंच शेजारी उभे. तो १९२१ मध्ये न्यू जर्सीतल्या एका रेडिओ केंद्रावर काढलेला मोठा ग्रुप फोटो आहे. बाकीची माणसं नंतर पुसून टाकली. फोटोशॉप यायच्या कितीतरी आधी.

१९२३ च्या शरद ऋतूत ते हेडन कुटुंबाला घेऊन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत लांबच्या प्रवासाला गेले. भाषणं, भेटी, ग्रँड कॅनियन. परत आले ते थकून. २६ ऑक्टोबर १९२३ च्या सकाळी, वेंडेल ॲव्हेन्यूवरच्या घरी, त्यांचं हृदय बंद पडलं. वय ५८. नावावर २०० च्या आसपास पेटंट. त्यांना स्केनेक्टडीच्या व्हेल दफनभूमीत पुरलं.

वेंडेल ॲव्हेन्यूवरचं ते घर नंतर पाडलं, तिथे आता छोटी बाग आहे. नदीकाठचं खोपटं मात्र शाबूत आहे. १९३० मध्ये ते जसंच्या तसं उचलून मिशिगनमधल्या ग्रीनफील्ड व्हिलेज या संग्रहालयात नेलं गेलं. नेणाऱ्याचं नाव हेन्री फोर्ड.